दुखणे फुप्फुसाचे, विसर कशामुळे?

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनींचे चार पानी पत्र आले. त्यांच्या यजमानांचे किराणा मालाचे दुकान आहे. वय ४४. मागच्या पावसाळ्यात त्यांना ताप आला, डोळे पिवळे झाले आणि पाचव्या दिवशी धाप लागली. शहरातील रुग्णालयात नेले तेव्हा लेप्टोस्पायरोसिस असल्याचे कळले. १७ दिवस ते व्हेंटिलेटरवर होते. दागिने गहाण पडले, पण माणूस घरी आला. आता सहा महिने होत आले. एक्स-रे स्वच्छ आहे, जेवण जाते, जिना चढता येतो. मात्र ज्यांना पन्नास गिऱ्हाइकांची उधारी तोंडपाठ असे, ते आता पाचशेच्या नोटेची मोड देताना चुकतात. गिऱ्हाईक एकदम चार जिन्नस सांगू लागले की गोंधळतात आणि त्याच्यावरच ओरडतात. रात्री दचकून उठतात. दुपारभर दुकानाच्या मागच्या खोलीत अंधार करून बसतात.

भगिनी विचारतात, "ह्यांच्या डोक्यात ताप गेला का? दीर म्हणतात आळशीपणा आहे, सासूबाई म्हणतात बाहेरचे काही आहे. वेड्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचे का?"

पत्रलेखिकेच्या परवानगीने, ओळख पटणार नाही असा बदल करून हा मजकूर दिला आहे. कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. कोविडच्या २०२० आणि २०२१ या दोन वर्षांनंतर अशा कहाण्या माझ्या दवाखान्यात मी अनेकदा ऐकल्या. त्याआधीही त्या होत्या, पण धाप थांबली म्हणजे आजार संपला असे घरचे लोक समजत आणि पुष्कळदा डॉक्टरही.

आधी उत्तर देतो आणि मग कारणे सांगतो. हा आळशीपणा नव्हे, बाहेरचे नव्हे आणि लोक ज्याला वेड म्हणतात तेही नव्हे. जिवावरच्या दुखण्यातून उठलेल्या मेंदूची ही अवस्था वैद्यकशास्त्राला चांगली माहीत आहे. तिला पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम म्हणतात. अतिदक्षता विभागातून बाहेर आल्यानंतर राहणारी शरीराची अशक्तता, बुद्धीच्या कामातील अडचणी आणि मनाचा त्रास या तिन्हींना मिळून हे नाव आहे. अमेरिकेतील अतिदक्षता तज्ज्ञांच्या संस्थेच्या पुढाकाराने ते २०१२ च्या सुमारास रूढ झाले.

फुप्फुसात काय होते?

आपल्या फुप्फुसात द्राक्षांच्या घोसासारखे असंख्य बारीक वायुकोश असतात. त्यांच्या अगदी पातळ पडद्यातून प्राणवायू रक्तात जातो. तीव्र न्यूमोनिया, लेप्टोस्पायरोसिस, मेंदूवर जाणारा मलेरिया, स्वाइन फ्लू, कोविड, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, स्वादुपिंडाची सूज, मोठा अपघात किंवा बेशुद्धीत उलटी श्वासनलिकेत जाणे, यांपैकी कशानेही हा पडदा सुजतो आणि गळू लागतो. वायुकोशात पाणी भरते. मग नाकाने कितीही प्राणवायू दिला तरी तो रक्तात पोचत नाही. या अवस्थेला ए.आर.डी.एस. म्हणतात. अमेरिकेतील डेन्व्हर येथील डॉक्टरांनी १९६७ साली १२ रुग्णांवरून तिचे प्रथम वर्णन केले. आपल्याकडे भातशेतीच्या भागात पावसाळ्यात लेप्टोचे रुग्ण येतात. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यात उघड्या पायांनी काम केल्याने तो होतो. त्यातल्या काहींच्या फुप्फुसांवर तो असा उतरतो.

पूर्वी हे रुग्ण बहुधा दगावत. उपचार सुधारत गेले. २००० साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत असे दिसले, की व्हेंटिलेटरने मोठे श्वास देण्याऐवजी लहान श्वास दिले तर मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर येते. माणसे वाचू लागली आणि वाचल्यानंतर त्यांचे काय होते, हा प्रश्न तेव्हा पुढे आला.

कॅनडातील टोरांटो येथील डॉक्टरांनी ए.आर.डी.एस.मधून वाचलेल्या १०९ रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा करून २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. फुप्फुसांचे काम बहुतेकांचे बऱ्याच अंशी पूर्ववत झाले होते. तरीही वर्षाअखेर कामावर परतलेले जेमतेम निम्मे होते. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीच्या संशोधकांनी अशाच रुग्णांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या घेतल्या. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात रुग्णालयातून घरी जाताना ७३ टक्के रुग्णांत बुद्धीच्या कामात दोष होता, एका वर्षाने ४६ टक्क्यांत आणि दोन वर्षांनी ४७ टक्क्यांत. म्हणजे पहिल्या वर्षात पुष्कळ लोक सुधारले. पण ज्यांचे राहिले, त्यांचे दुसऱ्या वर्षाअखेरही राहिलेले होते.

मेंदूला इजा कशाने होते?

एकच कारण सांगता येत नाही. रक्तातील प्राणवायू कमी पडतो, रक्तदाब खाली जातो, साखर वरखाली होते. अंगभर पसरलेल्या दाहातील द्रव्ये मेंदूपर्यंत पोचतात. झोपेची आणि गुंगीची इंजेक्शने दिवसेंदिवस चालू असतात. त्यात रात्रंदिवस जळणारे दिवे आणि यंत्रांचे आवाज. एखादा निरोगी माणूसही अशा खोलीत आठ दिवस ठेवला तर त्याचे वारतारखेचे भान सुटेल.

या सगळ्यातून जे होते त्याला आपल्याकडे जुना शब्द आहे. "वात झाला" म्हणतात. वैद्यकात त्याला डिलिरियम म्हणतात. रुग्णाला आपण कोठे आहोत ते कळत नाही, तो बरळतो, नळ्या ओढतो, माणसे ओळखत नाही. काही जण याच्या उलट अगदी गप्प पडून राहतात. नातेवाइकांना वाटते, शांत झोपले आहेत. पण हाही वातच असतो आणि तो पुष्कळदा कोणाच्या लक्षात येत नाही. अमेरिकेतील नॅशव्हिल येथील डॉक्टरांचा ८२१ रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. श्वास बंद पडण्याची वेळ आलेले किंवा रक्तदाब कोसळलेले हे रुग्ण होते. त्यांतील ७४ टक्क्यांना रुग्णालयात असताना डिलिरियम झाला. एका वर्षानंतर चाचणी घेतली तेव्हा सुमारे एकतृतीयांश लोकांचे गुण मेंदूला मध्यम स्वरूपाचा मार लागलेल्या माणसांइतके आणि सुमारे एकचतुर्थांश लोकांचे अल्झायमरच्या सुरुवातीच्या रुग्णांइतके कमी होते. यांत केवळ म्हातारी माणसे नव्हती, तरुणही होते. वात जितके दिवस टिकला, तितका पुढचा त्रास जास्त असेही आढळले.

वातातील आठवणी

या विषयावर थोडे सविस्तर लिहितो, कारण घरच्यांना याची कल्पनाच नसते.

आय.सी.यू.मधून आलेल्या माणसाला "तिथले काय आठवते?" असे विचारले तर बहुतेक जण "काही नाही" म्हणतात. घरची माणसे समाधान मानतात, बरे झाले, त्रास कळला नाही. पण तोच माणूस एकटा असताना विश्वासाने विचारले की वेगळेच बोलतो. एका शेतकऱ्याने मला सांगितले, की आपल्याला विहिरीत उतरवून वर झाकण लावले होते आणि काठावर बसून भाऊबंद जमिनीची वाटणी करत होते. एका शिक्षिकेच्या मनात पक्के होते, की तिथल्या नर्सेस रात्री रुग्णांना विष टोचत होत्या आणि आपण ओरडत असूनही नवरा काचेपलीकडून नुसता बघत उभा राहिला. एक रिटायर्ड कंडक्टर न थांबणाऱ्या एस.टी.त दोरीने बांधलेले होते.

नीट पाहिले तर प्रत्येक गोष्टीला खरा धागा सापडतो. घशात नळी असल्याने आवाज फुटत नव्हता. नळ्या ओढू नयेत म्हणून हात बांधले होते. इंजेक्शने खरोखरच टोचली जात होती. नवरा काचेबाहेर खरोखरच उभा होता. गुंगीतल्या मेंदूने या तुकड्यांची गोष्ट जुळवली. विशेष असे, की खऱ्या दिवसांची आठवण राहत नाही, पण ही रचलेली गोष्ट महिनोन् महिने लख्ख राहते. आपल्या डोळ्यांनी पाहिले ते खोटे कसे म्हणणार? आणि सांगितले तर लोक वेडा ठरवतील, म्हणून माणूस गप्प राहतो. त्या शिक्षिकेने पाच महिने नवऱ्याशी धड बोलणे केले नव्हते. का, हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हते.

दचकून उठणे, स्पिरिटचा वास आला किंवा मोबाईलची विशिष्ट घंटी वाजली की छातीत धडधडणे, रुग्णालयाच्या रस्त्याने जायचे टाळणे, ही याच भीतीची रूपे आहेत. जरा धाप लागली तरी "पुन्हा तेच" या विचाराने घाम फुटतो. काहींना आडवे पडायचीच भीती वाटते. याच्या जोडीला उदासीनता येते. कशात मन लागत नाही, रडू येते. पुरुष रडत नाहीत, ते चिडतात. त्यामुळे घरात भांडणे वाढतात आणि उदासीनता कोणाला दिसतच नाही.

बुद्धीचे नेमके काय बिघडते?

वेडाची समजूत होते ती येथेच. हा माणूस नाव, गाव, जुन्या गोष्टी बरोबर सांगतो. पाहुण्यांशी छान बोलतो. अडतो तो तीन ठिकाणी. पहिले म्हणजे लक्ष टिकत नाही. वर्तमानपत्राचा एक रकाना वाचून होईपर्यंत वरचे विसरतो. दुसरे, नवीन गोष्ट मनात ठरत नाही. सकाळची गोळी घेतली की नाही, निरोप कोणाचा होता, ते निसटते. तिसरे, कामाची आखणी जमत नाही. स्वयंपाकाचेच पाहा. भात लावून, आमटीला फोडणी देऊन, मधल्या वेळात कणीक भिजवणे यात किती हिशेब असतो ते करणाऱ्या बाईलाही कळत नाही, इतके ते अंगवळणी पडलेले असते. या आजारातून उठलेल्या गृहिणीचा भात करपतो तो नेमका या कारणाने. तिला स्वयंपाक येत नाही असे नव्हे, तिन्ही गोष्टींची सांगड तुटलेली असते.

मेंदूचा सी.टी. स्कॅन यात पुष्कळदा निर्दोष येतो. म्हणून "रिपोर्ट नॉर्मल आहे, मनाचे खेळ आहेत" असे म्हणून मोकळे होऊ नये.

आधी हे तपासून घ्या

प्रत्येक विसराळूपणाचे खापर आय.सी.यू.वर फोडणेही बरोबर नाही. रक्तक्षय, थायरॉईडची कमतरता, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, अनियंत्रित मधुमेह, चालताना प्राणवायूची पातळी उतरणे, यांतले काही असेल तर ते उपचाराने सुधारते. या तपासण्या साध्या आहेत. दुसरे, डिस्चार्जच्या वेळी दिलेली झोपेची गोळी पाच-सहा महिने तशीच चालू राहिलेली आढळते. ती स्वतःच विसर पाडते. पण हे वाचून ती एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते. झोप यावी म्हणून दारू घेण्याची सवय लागली असेल तर तेही लपवू नका.

स्मरणशक्ती वाढवणारी टॉनिके, सिरपे, चूर्णे यांवर पैसे घालवू नका. या आजारात त्यांचा उपयोग होतो असा पुरावा नाही. आधीच कर्ज काढून आलेल्या घराने महिन्याला हजार रुपये बाटल्यांत ओतावेत, हे पाहवत नाही. त्या पैशात अंडी, डाळ आणि दूध आणावे. १७ दिवस खाटेवर पडलेल्या शरीराचे स्नायू झडलेले असतात, त्यांना त्याची गरज असते.

घरी काय करावे?

एका वेळी एकच काम द्यावे. हिशेबाची, डोक्याची कामे सकाळी ताजेपणा असताना करावीत, दुपारनंतर नकोत. रेडिओ, टी.व्ही. बंद ठेवून बोलावे. वही हा सर्वांत चांगला इलाज आहे. खिशात छोटी वही, त्यात आजचे काम, झाले की रेघ. दुकानदाराने उधारी लगेच लिहावी, डोक्यावर विसंबू नये. गोळ्यांसाठी सात वारांचे खाने असलेला डबा मिळतो, तो घ्यावा. रोज चालावे, आज देवळापर्यंत तर आठवड्याने पुलापर्यंत. दुकान, शाळा, कचेरी दोन तासांपासून सुरू करावी. पहिल्याच दिवशी पूर्ण गल्ल्यावर बसवून "बघू जमते का" अशी परीक्षा घेऊ नये. चूक झाली तर चारचौघांत बोलू नये.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. असा त्रास असेपर्यंत रुग्णाने एकट्याने जमिनीच्या, कर्जाच्या, वाटणीच्या कागदांवर सही करू नये. आजारपणात देणी झालेली असतात, घाई करणारे लोक भेटतात आणि तेव्हाच माणसाला कागद नीट वाचून समजत नसतो. विश्वासाचा माणूस बरोबर असावा आणि शक्य असेल तर व्यवहार पुढे ढकलावा. तसेच मोटारसायकल. लक्ष टिकत नसेल तर गर्दीच्या रस्त्यावर काही महिने तरी चालवू नये.

त्या दिवसांची गोष्ट रुग्णाला सांगावी. कधी नेले, कोण बरोबर होते, नळी कधी काढली, हात का बांधले होते. त्याची गोष्ट खोटी म्हणून हसू नये, आधी पूर्ण ऐकून घ्यावी. युरोपात काही रुग्णालयांत नर्सेस आणि नातेवाईक मिळून रोज चार ओळी वहीत लिहितात व घरी गेल्यावर ती वही रुग्णाला देतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा वहीमुळे नंतरच्या भीतीच्या विकाराचे प्रमाण १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलेले दिसले. २०१९ साली फ्रान्समधील मोठ्या चाचणीत मात्र फरक दिसला नाही. तेव्हा हा रामबाण उपाय नाही. पण वहीला वीस-तीस रुपये लागतात, आणि बाहेर बाकावर बसलेल्या मुलालाही हाताला काम मिळते. मी तरी लिहायला सांगतो.

या बाकावर बसलेल्यांचाही विचार करायला हवा. पत्नी, आई किंवा मुलगी, कोणीतरी दोन-तीन आठवडे रुग्णालयाच्या पायरीवर काढलेले असतात. दर वेळी दार उघडले की पोटात गोळा येई. तीही रात्री जागते, तिलाही धडधड होते, पण तिच्याकडे पाहायला कोणाला सवड नसते. "तुम्ही कशा आहात?" असे विचारले की अशा बायका पहिल्यांदा रडतात ते माझ्या खोलीत. त्यांचाही रक्तदाब तपासा, त्यांनाही विश्रांती द्या. आठवड्यातून एक दिवस दिराने, नणंदेने रुग्णाजवळ थांबावे.

ज्यांचा माणूस आत्ता आय.सी.यू.त आहे

परवानगी मिळेल तेव्हा आत जाऊन त्याचा हात धरा. वार, तारीख, गाव सांगा, घरचे सगळे ठीक आहे सांगा. तो बोलत नसला तरी सांगा. चष्मा, कानाचे यंत्र आणि शुद्धीवर आल्यावर कवळी नेऊन द्या. दिसत नाही आणि ऐकू येत नाही असा म्हातारा माणूस लवकर वातात जातो. तो तळमळतो म्हणून "झोपेचे इंजेक्शन द्या" असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नका. रोज गुंगी कमी करून रुग्णाला जागे करणे, लवकर उठवून बसवणे, हातपाय हलवणे याने वाताचे दिवस कमी होतात, हे अभ्यासांतून दिसले आहे. डॉक्टर तसे करत असतील तर त्यात क्रूरपणा नाही.

मानसोपचार केव्हा?

त्रास दोन महिन्यांनंतरही कमी होत नसेल, झोप उडाली असेल, जेवण सुटले असेल, घराबाहेर पाऊल टाकवत नसेल, तर मानसोपचार तज्ज्ञांना अवश्य दाखवा. जिल्हा रुग्णालयात ही सोय असते. "वेड्यांचे डॉक्टर" हा शब्द आता सोडून द्यावा. उदासीनतेच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही, मात्र त्या मनाने बंद करायच्या नसतात. केंद्र सरकारची टेली मानस ही दूरध्वनी सेवा २०२२ साली सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते.

"मी वाचायलाच नको होतो, तुम्हाला कर्जात घातले" असे रुग्ण एकदा जरी म्हणाला तरी ते बोलणे हसण्यावारी नेऊ नका. त्याला स्पष्ट विचारा, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट माणूस मोकळा होतो. शेतकऱ्याच्या घरी फवारणीचे औषध असतेच, ते त्याच दिवशी शेजारी कुलपात हलवा, त्याला एकटे सोडू नका आणि डॉक्टरांकडे न्या.

सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत ते वर्षभरात सर्वांत जास्त होते. काहींचे पूर्ण भरून येते, काहींचे थोडे कायम राहते. कोणाचे किती, हे आधी सांगता येत नाही आणि तसे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. दर तीन महिन्यांनी आपल्या डॉक्टरांना दाखवत राहावे. येताना रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड आणि आत्ता चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणावीत. बरोबर घरातील एक माणूस असावा आणि त्याने विसरण्याचे, चिडण्याचे प्रसंग आधीच कागदावर लिहून आणावेत. रुग्णासमोर ते तोंडाने सांगायला जड जाते.